भावोजींचा ‘इज’

माझे भावोजी एका मोठ्या हॉस्पिटलात प्लंबर आहेत, आणि एकदा त्यांनी तिथल्या सर्वांत मोठ्या सर्जनबद्दल लेखी कळवलं होतं, की साहेबांना सोमवारपासून फार घाण वास येतो आहे, आज त्यांना उघडून साफ करतो. इंग्रजीत कळवलं, म्हणून घोटाळा झाला. तेच आपल्या भाषेत म्हणून बघा. ‘सर्जनसाहेबांकडे वास येतोय, आज उघडून साफ करतो.’ काही बिघडलं? साहेबांच्या बाथरूमची जाळी उघडायची आहे, साहेबांना नाही, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण कागदावर उतरलं ते असं: ‘सर्जन सर स्मेल्स व्हेरी बॅड सिन्स मंडे. टुडे आय विल ओपन हिम अँड क्लीन.’ खाली सही, आणि सहीखाली हुद्दा, ॲक्टिंग हेड प्लंबर.

संध्याकाळपर्यंत त्या कागदाचा फोटो हॉस्पिटलभर फिरला. सर्जनसाहेब लिफ्टमध्ये हळूच स्वतःची बाही हुंगताना दिसले, असं एका नर्सने शपथेवर सांगितलं. माणूस भला, त्यांनी तक्रार केली नाही. पण बाकीच्यांना आयतं कोलीत मिळालं. भावोजी कॉरिडॉरमधून निघाले की कोणीतरी नाकाला रुमाल लावायचं आणि बाकीचे खिदळायचे. भावोजींना कितीतरी दिवस कळलंच नाही की हसतात कशाला. त्यांना वाटलं, खरंच वास येतोय, म्हणून त्यांनी त्या मजल्याच्या सगळ्या जाळ्या पुन्हा उघडून धुतल्या.

आता तुम्ही म्हणाल, प्लंबरला इंग्रजी हवं कशाला? मीही तेच म्हणाले होते. पण हॉस्पिटलला बाहेरच्या कुठल्यातरी मंडळाचं मोठं प्रमाणपत्र हवं होतं, त्या मंडळाचे तपासनीस येऊन कागद बघणार होते, आणि ते कागद इंग्रजीतच वाचतात म्हणे. म्हणून ऑफिसच्या मुख्य बाईंनी हुकूम काढला की प्रत्येक खात्याने रोजचा अहवाल इंग्रजीत द्यायचा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

भावोजींची नीट ओळख करून देते, नाहीतर तुम्हाला वाटेल विनोदी माणूस असेल. अजिबात नाही. वय बावन्न, त्यातली सव्वीस वर्षं त्या एकाच इमारतीत. बोलणं मोजकं, बोटं जाड, आणि कान असे की भिंतीला तळहात टेकवून सांगतात, गळती इथे नाही, दोन खोल्या पलीकडे आहे. कोणाच्या घरी गेले की आधी ‘कसे आहात’ नाही, आधी नळ. मोरीत टपटप ऐकू आली की चपला न काढता आत जातात, वॉशर बदलतात, मग बाहेर येऊन नमस्कार करतात. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत भावोजी नाहीत, कारण संपूर्ण समारंभ ते हॉलच्या बेसिनखाली होते. ताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, नवी साडी नेसून एकटीच प्रत्येक फोटोत उभी आहे, आणि प्रत्येक फोटोत तिचा चेहरा बेसिनच्या दिशेला आहे.

चार वर्षांपूर्वी तिथले जुने हेड प्लंबर निवृत्त झाले. ऑफिसने भावोजींना बोलावून सांगितलं, तात्पुरतं तुम्ही बघा. ते तात्पुरतं चार वर्षं चाललं. टाक्या, पंप, ऑपरेशन थिएटरचं पाणी, सगळ्या किल्ल्या आणि सगळ्या शिव्या भावोजींकडे, पण हुद्दा मात्र ‘ॲक्टिंग’. आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी ते ओळखपत्र बघून इतरांना सांगितलं की जावई नाटकात असतात. भावोजींनी त्यांना दुरुस्त केलं नाही. मला एवढंच म्हणाले की चार वर्षं ॲक्टिंग करतोय, एकदा टाळी तरी वाजायला हवी होती. विनोद केल्यासारखं म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. त्यांना ती जागा हवी होती. तोंडाने कधी बोलले नसते, पण हवी होती, फार हवी होती, आणि ते ताईला ठाऊक होतं.

त्या वासाच्या कागदानंतर दोनच आठवड्यांनी नोटीस लागली की हेड प्लंबरची जागा कायमची भरायची आहे. इंग्रजीची लेखी परीक्षा, मग तोंडी. ॲक्टिंगवाल्यांना पहिली संधी, नाही जमलं तर बाहेरून डिप्लोमावाला आणू. ताई त्या संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली, मागे भावोजी, हातात कोरी वही. ताई म्हणाली, तू आठवीची चाळीस कार्टी सांभाळतेस, हा तर एकच आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि मला पटकन राग येतो, हे दोन्ही तिला माहीत होतं. तरी तिने आणून बसवलं.

पहिल्या दिवसापासून भावोजींनी एक नियम केला. एरवी ते मला अगं-तुगं करतात, सगळ्यांत धाकटी मेहुणी, दोन वेण्या घालायची तेव्हापासून बघितलेली. पण जेवणाच्या टेबलावर वही उघडली की मी ‘बाई’ आणि ‘तुम्ही’. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की उठून उभे राहायचे. वही मिटली की पुन्हा ‘अगं, चहा टाक’. माझा नवरा हा खेळ बघायला मुद्दाम पेपर घेऊन समोर बसायचा, आणि तासाभरात पेपरचं पान उलटायचा नाही.

मी आठवीला शिकवते तेच शिकवलं. क्रियापदं दोन जातींची. एक करणारी: धावणं, कापणं, पिळणं. दुसरी जोडणारी, जी स्वतः काही करत नाहीत, नुसती कर्त्याला त्याच्याबद्दलच्या माहितीशी जोडतात. इज, ॲम, आर, आणि त्यांचे भाऊबंद सीम, लुक, फील, स्मेल, बिकम, रिमेन. मग सांगितलं, आता कामावरची दहा वाक्यं लिहून आणा. त्यांनी आणली. मी लाल पेन घेऊन बसले आणि दोन मिनिटांनी पेन ठेवून दिलं.

‘मॅडम इज नॉट वॉटर.’ तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना पाणी नाही. ‘आय ॲम टू लीकेज.’ मला आज दोन लीकेज आहेत. ‘किचन इज बिग चोकअप.’ आणि शेवटी, घरचा विषय हवा म्हणून, ‘माय वाइफ इज हेडेक.’ बायकोला डोकेदुखी आहे. माझा नवरा पेपरमागून म्हणाला की हे शेवटचं राहू दे, बरोबर आहे.

गंमत अशी की व्याकरणाने सगळीच जवळपास बरोबर होती. मॅडम पाणी नाहीत, हे तर धडधडीत सत्य आहे. मी त्याला चूक तरी कसं म्हणू? घोळ आपल्या ‘आहे’चा. आपलं ‘आहे’ म्हणजे घरातली एकुलती एक सून, सगळी कामं तिच्याच गळ्यात. मी प्लंबर आहे, मला ताप आहे, माझ्याकडे पाना आहे, टाकीत पाणी आहे, सगळीकडे तीच. इंग्रजीत त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. ताप ‘हॅव’कडे, पाना ‘हॅव’कडे, आणि ‘इज’कडे फक्त माणूस कोण आहे, कसा आहे. भावोजी जिथे ‘आहे’ दिसेल तिथे डोळे झाकून ‘इज’ बसवत होते. मी समजावलं, पुन्हा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या दिवशीच्या वहीत ‘आय ॲम फीव्हर’ बघून माझं डोकं फिरलं आणि मी आठवीच्या पोरांवर ओरडते तशी ओरडले. ते उभे राहिले, मान खाली घातली, आणि मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगाच भांडी लावली.

मग मला वाटलं, यांच्या धंद्यातला दाखला द्यावा. मोठ्या हुशारीने म्हटलं, भावोजी, इज म्हणजे तुमचं कपलिंग. दोन पाइप जोडतं, स्वतः काही काम करत नाही.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

“कपलिंगला काम नाही? बाई, सहा मजल्यांच्या पाण्याचा दाब तुम्ही अंगावर घेऊन बघा एकदा, आणि मग सांगा काम नाही म्हणून.”

वही मिटली आणि निघून गेले. चहाही नाही. आठवडाभर फिरकले नाहीत. ताईचा रोज फोन, काय बोललीस गं त्यांना? मी सांगितलं, कपलिंगला नावं ठेवली. ती म्हणाली, मला ठेवली असतीस तर चाललं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात भावोजी, आंघोळ करून, केस चापून बसवलेले, आणि चेहऱ्यावर चोर पकडलेल्या माणसासारखा आनंद. बसले, वही उघडली आणि म्हणाले, बाई, तुमचं ते कपलिंग चुकलंच, पण मला सापडलंय. हॉस्पिटलच्या गरम पाण्याच्या टाकीला बाहेरून एक उभी काचेची नळी असते. टाकीत जितकं पाणी, तितकंच नळीत दिसतं. नळी पाणी ओढत नाही, ढकलत नाही, तापवत नाही. टाकीत जे, तेच नळीत, एवढंच ती सांगते. मग म्हणाले, तुमचा इज तो. अलीकडे जे, तेच पलीकडे. ‘मॅडम इज नॉट वॉटर’ म्हणजे मी मॅडमच्या नळीत पाणी शोधत होतो. मॅडममध्ये मॅडमच असणार!

हे त्यांना शिडीवर उभं असताना सुचलं होतं, आणि सुचल्यावर ‘माय वाइफ इज हेडेक’वरचा माझ्या नवऱ्याचा विनोद त्यांना एकदम कळला. एकटेच शिडीवर इतके हसले की खालून पंपवाल्याने विचारलं, तो हसायचा गॅस लागला का.

मी पंधरा वर्षं हा धडा शिकवते आहे आणि इतका चांगला दाखला मला कधी सुचला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलं नाही, कारण मी जरा खट्टू झाले होते. पण सोमवारी आठवीच्या फळ्यावर मी टाकी आणि नळी काढली, आणि मागच्या बाकांनाही कळलं.

सर्जनसाहेबांचा कागदही त्यांना त्याच दिवशी कळला. मी स्मेलची दोन रूपं समजावत होते. स्मेलच्या जागी इज घालून बघा. ‘सूप स्मेल्स गुड’, ‘सूप इज गुड’, चाललं, म्हणजे जोडणारं. ‘आय स्मेल द ड्रेन’, ‘आय ॲम द ड्रेन’, नाही चाललं, म्हणजे मी हुंगण्याचं काम करतोय. भावोजी म्हणाले, काही दिवशी तेही चालतं. मग ओठ हलवत मनात काहीतरी लावून बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून सर्जनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्या म्हणाले, “सर, यू डोंट स्मेल. युअर बाथरूम स्मेल्ड.” साहेबांनी उठून हात मिळवला आणि थँक यू म्हणाले. त्या दिवसापासून रुमाल लावणारे जरा कमी झाले.

पण आता आमच्या घरातली शांतता गेली. नवा मुल्ला जोराने बांग देतो तसं झालं. ताई म्हणायची, तुम्ही दमलेले दिसता, तर हे म्हणायचे, दिसता, लुक, जोडणारं. ती म्हणायची, माझ्याकडे बघा जरा, तर हे म्हणायचे, बघा, हेही लुक, पण करणारं. ती म्हणाली, मग करा की. पंपाच्या खोलीत त्यांनी प्रत्येक कॉकवर चिठ्ठी चिकटवली. ‘धिस इज हॉट.’ ‘धिस इज कोल्ड.’ एकावर ‘धिस फील्स कोल्ड बट इज हॉट. बी केअरफुल.’ हसणारे हसले, पण त्या महिन्यात तिथे कोणाचा हात भाजला नाही.

लेखी परीक्षेत शंभरपैकी एकसष्ट पडले. पास व्हायला पन्नास लागायचे. तोंडी परीक्षेत ऑफिसच्या मुख्य बाई आणि आणखी दोघं होते. मी पाठ करून घेतलेली सहा वाक्यं भावोजींनी न अडखळता म्हटली आणि सातवं स्वतःचं जोडलं, ‘नाऊ आय ॲम नर्व्हस.’ बाई हसल्या म्हणे. ताईने तेवढ्यावरून निकाल गृहीत धरला.

तीन आठवड्यांनी पत्र घरी आलं. ताईला इंग्रजी येत नाही, पण ओळखपत्रावर रोज बघून ‘हेड प्लंबर’ ही अक्षरं तिला डोळ्यांनी पाठ होती. पत्रात ती दिसली आणि तिने पाकीट हातात घेऊनच शेजारच्या तीन घरांत सांगून टाकलं. मला फोन करून नुसती रडली. मी रिक्षा करून पोचले तेव्हा शेजारणी खुर्च्यांवर, ताई चहात, आणि भावोजी नुकतेच कामावरून येऊन खिडकीपाशी उभे, पत्र वाचत. मी हात पुढे केला. त्यांनी पत्र दिलं नाही. एकेका शब्दावर अंगठा ठेवून स्वतःच मोठ्याने वाचलं.

“अनटिल फर्दर ऑर्डर्स, यू विल रिमेन ॲक्टिंग हेड प्लंबर.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “रिमेन. जोडणाऱ्यांतलं आहे ना, बाई? होतो तोच राहीन.”

काय सांगू तुम्हाला, मला त्या क्षणी स्वतःचाच संताप आला. सहा महिन्यांपूर्वी हे पत्र आलं असतं तर त्यांनी मुकाट्याने माझ्या हातात दिलं असतं. मी दोन वाक्यं इकडची तिकडे केली असती, शेजारणी जाईपर्यंत तरी गोड बोलले असते. आता तेवढीही सोय मीच बंद करून ठेवली होती. एवढ्या कष्टाने जे शिकवलं, ते शेवटी कामाला आलं ते यासाठी. शेजारणींना काय झालं ते कळेना, त्या अभिनंदन करत राहिल्या, ताईने त्यांना चहा दिला आणि स्वतःचा कप भरायला विसरली. पत्रात कारण दिलं नव्हतं. भावोजींनी घडी घातली, खिशात ठेवली आणि मोरीतला नळ तपासायला गेले. नळ चांगला होता.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामावर गेले. रुसवा नाही, अर्ज नाही, कोणाशी वाद नाही. मी म्हटलं, भांडा. ताईने म्हटलं, भांडा. ते म्हणाले, वॉर्डात माणसं झोपलीत, पाण्याशी भांडून कसं चालेल. माझ्याकडे येणं मात्र बंद केलं नाही. आता परीक्षा नव्हती, काही नव्हतं, तरी रविवारी वही घेऊन यायचे.

महिन्याभराने ते तपासनीस आले. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण भावोजींनी सांगितलं आणि तिथल्या नर्सने तेच सांगितलं, म्हणून खरं धरते. तळघरातल्या पंपाच्या खोलीत सगळी मिरवणूक उतरली. पुढे तपासनीस, हातात यादी, मागे मुख्य बाई, त्यांच्यामागे सर्जनसाहेब आणि ही नर्स. तपासनिसांनी टाक्या बघितल्या, कॉकवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, खूश झाले. मग यादीतला प्रश्न वाचला. ऑपरेशन थिएटरच्या पाण्याला जबाबदार माणूस नावानिशी लागतो. हू इज द हेड प्लंबर हिअर? बाईंनी हसून भावोजींकडे बोट केलं.

भावोजी पुढे आले, हात पुसले आणि म्हणाले, “हेड प्लंबर इज नोबडी, सर. आय ओन्ली ॲक्ट.”

तपासनिसांना आधी वाटलं, गंमत करतोय. मग त्यांनी विचारलं, कधीपासून. भावोजी म्हणाले, फोर इयर्स, सर. तपासनिसांनी ते लिहून घेतलं. शांतपणे, सावकाश, अख्खी एक ओळ. बाईंचा चेहरा असा झाला की नर्स म्हणाली, मला वाटलं आता यांनाच वॉर्डात घ्यावं लागणार. मागे सर्जनसाहेब जोरात खोकले. ते हसू होतं असं नर्सचं मत.

संध्याकाळी मी भावोजींना विचारलं, ठरवून बोललात ना? चांगली जिरवलीत. ते चक्क गोंधळले. म्हणाले, “जिरवायचं कुठे आलं? त्यांनी ‘इज’ विचारलं. ‘डज’ विचारलं असतं, तर माझं नाव सांगितलं असतं.”

गुरूची विद्या गुरूला फळली होती. वाक्यात एका काडीचीही चूक नव्हती.

त्यानंतर ऑफिसात धावपळ उडाली. चार वर्षं न हललेली फाईल चार दिवसांत हलली. तपासनिसांना आठवड्यात उत्तर हवं होतं. शनिवारी दुपारी भावोजींच्या हातात नवं पत्र पडलं आणि ते थेट माझ्याकडे आले, ताईला वाटेत उचलून. या वेळी ताईने शेजारी कोणाला सांगितलं नव्हतं. मी पत्र घेतलं, झरकन नजर फिरवली आणि ओरडलेच. झालं, ताई, झालं! ‘विथ इमिजिएट इफेक्ट, यू द हेड प्लंबर ऑफ धिस हॉस्पिटल.’ ॲक्टिंग गेलं! ताईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

भावोजी हसले नाहीत. म्हणाले, पुन्हा वाचा, बाई.

मी पुन्हा वाचलं. आणि मग दिसलं, पंधरा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या मला. ‘यू द हेड प्लंबर.’ मध्ये ‘आर’ नव्हता. घाईत टाइप करताना राहून गेला होता.

मी म्हटलं, अहो, टायपिंगची चूक आहे, अर्थ तर स्पष्ट कळतो. भावोजी म्हणाले, सोमवारी परत करतो, दुरुस्त करून घेतो. ताईच्या तोंडचं पाणीच पळालं. ती म्हणाली, हातात आलेलं परत देता? एवढ्याशा शब्दासाठी? त्यांचं मन फिरलं तर? बाहेरचा आणला तर? मीही तिचीच बाजू घेतली. म्हटलं, भावोजी, हट्ट सोडा, सगळ्यांना समजतंय की तुम्ही हेड प्लंबर आहात.

तेव्हा ते बोलले. आवाज चढला नाही.

“समजत तर चार वर्षं होतंच सगळ्यांना. पाणी गेलं की समजायचं, गळलं की समजायचं. समजून सगळेच घेत होते गं. लिहिलं कोणी नाही.”

आत्तापर्यंत ‘बाई’ म्हणत होते, आता ‘गं’ म्हणाले. मी पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

सोमवारी ते नऊ वाजता ऑफिसच्या मुख्य बाईंच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. साडेबारापर्यंत बसले. मध्ये दोनदा पंपाच्या खोलीतून बोलावणं आलं, दोनदा जाऊन काम करून परत येऊन बसले. बाई आधी चिडल्या, म्हणाल्या अर्थ कळतो ना तुम्हाला? भावोजींनी पत्र टेबलावर ठेवलं आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून नुसते उभे राहिले. बाईंनी ती जागा बघितली. मग स्वतः टायपिस्टच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुपारी दोन वाजता ते घरी आले. मी शाळेतून अर्धी रजा टाकून ताईपाशी बसले होते, कारण तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. भावोजींनी पत्र माझ्याकडे दिलंच नाही. ताईच्या शेजारी बसले, तिचं बोट आपल्या जाड बोटांत धरलं आणि कागदावर त्या तीन अक्षरांवर ठेवलं.

ताईने डोळे बारीक करून बघितलं. म्हणाली, “एवढंच?”

“एवढंच,” भावोजी म्हणाले, आणि तिचं बोट तिथून काढलं नाही.